सातबाऱ्यातला बारा

हक्कसोडपत्रावर सही करायला म्हणून मी माढ्याकडच्या आमच्या गावी गेले होते. बाबा गेल्यानंतर वारसनोंद लागली होती, पण पणजोबांच्या नावापुढचं 'उर्फ' कुठल्याशा जुन्या फेरफारात गळालं होतं आणि त्यावरून काम अडलं होतं. मग दादानं तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यांच्या नकला काढून आणल्या. दुपारी जेवणं झाल्यावर त्या ओसरीत सतरंजीवर पसरल्या. दादाचं बोट वरच्या भागावरून फिरत होतं, कोणाचं नाव, कोणाला कंस, कुठला फेरफार नंबर. मी खालचं वाचत बसले. जांभळट शाईतली तलाठ्यांची तिरकी अक्षरं, एकेका सालाची एकेक ओळ. दादा म्हणाला, "अगं, खालचं काय बघत बसलीस? त्याला कोण विचारतंय!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. सातबारा काढतात तो सातसाठी. भाऊबंदकी सातवर होते, बँकेचा बोजा सातवर चढतो, सोयरीक जुळवताना मुलाकडच्यांची जमीन किती तेही सातवरच बघतात. गाव नमुने एकवीस आहेत, त्यांतला सात सांगतो जमीन कोणाची आणि बारा सांगतो तिच्यात काय पेरलं. पण 'त्याला कोण विचारतंय' हे मात्र मला लागून राहिलं. सातवरून माझं नाव आता निघायचंच होतं, म्हणूनही असेल कदाचित, पण त्या दुपारी मी बाराच वाचत राहिले.

बारामध्ये दोन मोठे भाग असतात, मिश्र पिकाखालचं क्षेत्र आणि निर्भेळ पिकाखालचं. आमच्या जुन्या नकलांत मिश्रचे रकाने गच्च भरलेले आणि निर्भेळचे जवळजवळ मोकळे. खरिपात हलक्या रानात बाजरी, तूर, मटकी, हुलगा एकत्र. रब्बीत काळ्या रानात ज्वारी, करडई, हरभरा, कडेला जवस. तलाठ्याला या प्रत्येकाचं क्षेत्र एकर-गुंठ्यांत वेगळं करून दाखवावं लागे. पाभरीच्या मागे वेगळी नळी धरून चार ओळींनंतर एक तुरीची ओळ टाकली असेल, तर तिचं क्षेत्र किती धरायचं? त्यानं अंदाजानंच लिहिलं असणार. एका ओळीत तर चार पिकांची बेरीज एकूण क्षेत्राच्या पुढे गेली होती. पोटखराब्यावर, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीवरसुद्धा, या भल्या माणसानं मटकी उगवून दाखवली होती. मला हसू आलं आणि दादाला त्यातलं कौतुक कळेना.

त्या ओळी वाचता वाचता ताट समोर दिसायला लागतं. ज्वारी म्हणजे भाकरी, कण्या, आंबील. हुलगा म्हणजे पावसाळ्यातलं माडगं आणि शेंगोळे. जवस म्हणजे चटणी. करडई म्हणजे घाण्यावरचं तेल, पण त्याआधी पानं कोवळी असताना भाजी, आणि पीक निघाल्यावर चुलीला काड्या. करडईची गोष्ट जरा सांगायलाच हवी. आमच्याकडे शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानाला चारी बाजूंनी करडईची पट्टी असायची. झाड वाढलं की त्याला असे काटे येतात की चुकार जनावर तोंड घालत नाही. म्हणजे तेलाचं तेल, भाजीची भाजी आणि कुंपणाचं कुंपण. काढणी मात्र त्या काट्यांमुळे भल्या पहाटे, दव असताना करायची, कारण ओलसर काटा कमी बोचतो. तरीही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या बाया मला आठवतात. त्यांचे हात दुपारी भाकरी मोडताना थांबत थांबत चालायचे. करडईच्या तेलाचं कौतुक करताना मला ते हात आठवतात, आणि मग कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

शाळू हे तर पावसावरचं पीक म्हणणंसुद्धा पुरतं खरं नाही. पाऊस संपत आला की तो पेरायचा, हस्ताच्या पावसावर उगवून आला की पुढे काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर तीन-साडेतीन महिने काढायचे. थंडीत जमिनीला भेगा पडायला लागतात. हात आत जाईल एवढ्या भेगा. त्या कोळप्यानं बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडे म्हणतातच. लोक मालदांडीची तारीफ करतात ती चवीसाठी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडून काढलेलं ते मालदांडी ३५-१ अजून सोलापूरच्या शाळवाचं मुख्य वाण मानलं जातं. पण आजोबा चवीबद्दल कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ते कडब्याबद्दल बोलायचे. कडबा गोड आहे, बैल खातो, उरत नाही. माणसाचं आणि बैलाचं एकाच ताटातून भागवणारं पीक, एवढाच त्यांचा हिशोब.

हे सगळं किती जुनं, असं म्हणायचा मोह होतो, पण ज्वारी तरी कुठली इथली? ती मूळची आफ्रिकेच्या ईशान्येकडची, फार पूर्वी समुद्रापलीकडून इकडे आलेली. भीमेच्याच खोऱ्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य निघालं ते जव. पाट काढून पाणी देत होते ते लोक. त्यांच्या नातवंडांनी जव सोडून दुसरं काही धरलं असेल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली असतीलच. पिकं बदलण्याचं मला दुःख नाही. मला खुपतं ते बाराच्या रकान्यांचं सपाट होत जाणं.

आमच्या नकलांमध्ये १९७२-७३ च्या ओळीत दोनच अक्षरं आहेत.

पड.

खरीप पड, रब्बी पड. पाटावरच्या रेघेसारखी सरळ, सगळ्या गटांना एकसारखी. त्या एका शब्दामागचं बाबांकडून ऐकलेलं आहे. खडी फोडायची कामं, पाझर तलावांची कामं, दुपारी वाटली जाणारी सुकडी, आणि रेशनवर आलेला अमेरिकेतला लाल मिलो. मिलो म्हणजे ज्वारीच, हिचीच सावत्र बहीण, तिकडे मुख्यतः जनावरांना घालायची. भाकरी लालसर, कडक, आणि तिला एक वास. बाबा म्हणायचे, "बाहत्तरला अन्न नव्हतं, पण विहिरींना पाणी होतं. आता अन्न आहे आणि पाणी नाही." हे वाक्य सोलापूर-नगरकडे घरोघरी ऐकू येतं, त्यामुळे बाबांचं स्वतःचं असेल असं वाटत नाही, पण मिलोचा वास सांगताना ते चेहरा जसा करायचे तो त्यांचा स्वतःचा होता. त्याच कामांमधून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, १९७७ चा. त्यांच्या पिढीनं त्या वर्षी एक गोष्ट कायमची ठरवून टाकली असावी, की पुन्हा कोणाच्या दारात धान्यासाठी उभं राहायचं नाही. पुढचं सगळं त्यातूनच आलं, असं मला वाटतं.

म्हणजे हायब्रीड आणि पाणी. ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, देशात १९६४ ला आलं होतं, बाहत्तरनंतर ते घराघरांत पोचलं. बुटकं ताट, भरगच्च कणीस, पोती भरायची. पण खरिपातलं ते कणीस परतीच्या पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा, भाव पडायचा, आणि भाकरी थापताना कडा फाटायच्या. आजी तिला 'हायब्रीड' न म्हणता 'ती सरकारी' म्हणायची. तिच्या तोंडी ती शिवी होती, पण दोन वर्षं उतरंड रिकामी ठेवून बसलेल्या बाईनं 'सरकारी' ज्वारीची पोती कणगीत रिती करताना शिव्या दिल्या असतील का, ते मला सांगता येणार नाही. भरलेल्या पोटानं चवीला नावं ठेवणं सोपं असतं.

मग १९८० ला उजनी पूर्ण झालं. बारामध्ये जलसिंचित क्षेत्राचा रकाना असतो, तो त्यानंतर हळूहळू भरायला लागतो, आणि जसजसा तो भरतो तसतसा मिश्र पिकांचा रकाना रिकामा होतो. आधी ऊस एका तुकड्यावर, बाकी शाळू. मग ऊस दोन तुकड्यांवर. मग 'ऊस, ऊस, खोडवा, ऊस'. निर्भेळ. साखर कारखान्याच्या नोंदीवर माझं कॉलेज झालं, पुण्यातलं हॉस्टेल, मेस. उसाला नावं ठेवणारे लेख मी वाचते तेव्हा माझी पंचाईत होते. पाणी पितो, जमीन खारवतो, सगळं मान्य. पण बाबांना महिन्याच्या महिन्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही तो त्या पिकामुळे. आणि तो येताच हुलगा, मटकी, जवस, राळा यांना जागा उरली नाही, तेही त्यामुळेच. भोगीला राळ्याचा भात हवा म्हणून आई आता बाजारातून पाव किलो आणते. पुडी उघडताना दरवर्षी म्हणते, "किती महाग झालाय."

वरच्या भागाकडे दादाचं लक्ष का असतं त्यालाही इतिहास आहे, आणि तो आमच्यापासून लांब नाही. भीमा ओलांडली की इंदापूर. तिथे १८३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी नव्यानं पाहणी सुरू केली. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबानं शेताचं निव्वळ उत्पन्न किती याचा काटेकोर हिशोब मांडून शेतसारा बसवला होता आणि तो इतका भारी ठरला की लोक जमिनी टाकून निघून गेले. विंगेटच्या माणसांनी साखळी टाकून रानं मोजली, माती उकरून खोली आणि रंग पाहिला आणि प्रत्येक तुकड्याला आण्यांत किंमत दिली. खोल काळीला सोळा आणे, मग खडे, चुनखडी, उतार निघेल तसे आणे कमी. तीस वर्षांसाठी सारा ठरला आणि तो भरणाऱ्याचं नाव तुकड्याला चिकटलं. ते नाव विकता येऊ लागलं, गहाण टाकता येऊ लागलं. मग १८७५ ला सुप्यात लोक उठले, सावकारांच्या घरात शिरले आणि त्यांनी कर्जखतं जाळली. आधी हवे होते ते कागद. धान्याच्या दंग्यात कोठार फोडतात, इथे दप्तर फोडलं गेलं. जमीन कागदावर राहायला गेली होती हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं. तेव्हापासून सातबाऱ्याच्या वरच्या भागाला जी थरथर आहे ती अजून गेलेली नाही, दादाच्या बोटातही होती.

जुन्या बारामध्ये आणखी दोन रकाने होते, प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव आणि रीत, म्हणजे जमीन कोणत्या पद्धतीनं कसली जाते ते. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जो कसत होता तो मालक होणार म्हटल्यावर खालच्या या रकान्यांना कधी नव्हे ती किंमत आली. आमच्या नकलांत त्या वर्षांच्या आसपास रीतच्या रकान्यात सगळीकडे 'खुद्द' आहे. ठळक, दुबार गिरवल्यासारखं. आता पणजोबा तालुक्याला वकिलाकडे कारकून होते असं घरातलेच सांगतात. खुद्द ते कधी पाभर धरायला गेले असतील? मी दादाकडे बघितलं. दादानं नकलेची घडी घातली.

त्या 'खुद्द'च्या मागे जी माणसं होती, त्यांची नावं सातवर नाहीत आणि बारावरही नाहीत. शाळू आमच्याकडे कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पाय रोवून, दोन्ही हातांनी ताट धरून, कंबरेतून झटका. दिवसभर. हाताच्या कातड्याचे पापुद्रे निघतात. उपटणारे गडी, मागून कणसं मोडणाऱ्या बाया, आणि खळ्यावर आपल्या वाट्याच्या पेंढ्यांसाठी थांबलेले बलुतेदार. खळं म्हटलं की लोक हळवे होतात. शेणानं सारवलेली जमीन, मधोमध तिवडा, वावडीवर उभं राहून उपणणारा माणूस, वाऱ्यावर उडणारं भूस. मीही होते. पण त्याच खळ्याच्या कडेला कोणी कुठे उभं राहायचं, कोणाच्या पदरात वरून टाकायचं, हेही ठरलेलं होतं. महार वतनं, इतर कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा, त्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं १९२८ ला. मधली तीस वर्षं आमच्या बारामध्ये व्यवस्थित भरलेली आहेत. ज्वारी, करडई, हरभरा. उपटलं कोणी, ते नाही.

बायकाही नाहीत. आजीनं बियाणं राखलं, म्हणजे चांगली कणसं उभ्या पिकात हेरून वेगळी बांधायची, राखेत घोळवून मडक्यात भरायची, मडक्याचं तोंड शेणानं लिंपायचं. कुठल्या मडक्यात काय ते तिला न उघडता माहीत असे. बांधावरची अंबाडी, तांदुळजा, पाथरी, घोळ, हे कुठल्याच नमुन्यात मावणारं नव्हतं, कारण ते पेरलेलं नव्हतं, आणि वर्षातले चार महिने कालवण त्याचंच असे. आत्यांनी त्यांच्या वेळी हक्कसोड लिहून दिलं होतं, साडीचोळीवर. २००५ च्या कायद्यानं मुलींना जन्मतःच वाटा दिला हे मला ठाऊक होतं, दादालाही ठाऊक होतं. तोच म्हणाला, "तुला ठेवायचं असेल तर ठेव, मी काही म्हणणार नाही." त्याचा आवाज सरळ होता आणि वहिनी आत भांडी जरा जोरात लावत होत्या. मी सही केली. का केली, ते मला अजून धड सांगता येत नाही. माहेर तुटू नये म्हणून केली असं सगळ्या बायका सांगतात, मीही तेच सांगते. जाताना एकच मागितलं, ते बाराचे कागद. झेरॉक्सच काढून दिल्या त्यानं, काय लागतं त्याला.

माझं आजोळ औशाकडचं. तिथे येळवस असते, वेळ अमावस्या. मार्गशीर्षाच्या शेवटी घरदार रानात जातं, गावात शुकशुकाट. कडब्याची खोप करायची, आत पाच पांडव म्हणून दगड मांडायचे, आणि आंबील, भज्जी, उंडे घेऊन बसायचं. भज्जी म्हणजे हिरव्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, बेसन लावून शिजवलेले, त्या दिवशी रानात जे हिरवं असेल ते सगळं. मामा मग आंबिलाचं मडकं घेऊन पूर्ण शेताला शिंपत फिरायचा. जमिनीचं डोहाळजेवणच ते, कारण शाळू तेव्हा पोटऱ्यात, म्हणजे कणीस पोटात धरून, किंवा नुकता निसवलेला असतो. आता मामाच्या खरिपात सोयाबीन असतं, लातूर भागात सगळीकडेच ते आहे, आणि रब्बीत हरभरा. शाळू नाही, म्हणून कडबा नाही, म्हणून खोपीला कडबा शेजारच्या गावातून विकत आणतात. एका वर्षी हिरवं शेडनेट लावलं होतं. आंबील मात्र तशीच होती, आंबट, ताकाची, लसणाची, आणि मामेभावाची मुलं त्याच शेडनेटखाली पांडवांपुढे फोटो काढत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. तसं फार वाटलं नाही. निदान एक दिवस ती सगळी त्या बांधावर होती, आणि त्यातल्या धाकट्यानं मला विचारलं की हे पांढरं पाणी जमिनीला का देताय. मामानं सांगितलं, "तिला भूक लागती." पोरानं पुढे विचारलं, "रोज?" मामाला उत्तर सुचलं नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्यानंच मोबाइलवर करायची आहे, ई-पीक पाहणी. रानात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, पाठवायचा. कल्पना मला फार आवडली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बारा लिहायची लेखणी पेरणाऱ्याच्या हातात आली. आता बांधावरची तूरही येईल, कडेची करडईही, असं मी मनात मांडून बसले होते. यंदा फोनवर दादाला विचारलं, तर उसाची नोंद झाली होती. पण वीस गुंठे शाळू आहे त्याच्याकडे, घरच्यापुरता. कारखाना काही म्हणो, भाकरी तो दुसऱ्या कशाची खात नाही, आणि दोन म्हशींना कडबा लागतो. उपटायला माणूस मिळत नाही म्हणून गेल्या वर्षी त्यानं आणि वहिनींनीच उपटला. वहिनींच्या तळहातांचा फोटो भाचीनं पाठवला होता.

"मग शाळवाची नोंद?" मी म्हटलं.

"वीस गुंठ्यांसाठी कोण फोटो काढत बसतंय. ना विमा, ना कर्ज."

"टाक की, मी सांगतेय म्हणून टाक."

"मुदत संपली कालच." मग जरा थांबून म्हणाला, "तिथं नेटवर्क पण नसतं गं. आणि उगवलाय पातळ. पुढच्या साली बघू, त्या तुकड्यात बोअरचं पाणी आणायचं चाललंय."